थ्रीडी स्कॅनमध्ये जबड्याच्या हाडाची वेगळी ठेवण दिसली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रोज दात आणि जबड्यांचे थ्रीडी स्कॅन वाचते आणि त्यांचे रिपोर्ट लिहिते. रिपोर्ट हातात पडल्यावर घाबरून फोन करणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे खरोखर तेवढं सांगण्यासारखं आहे.

रिपोर्टमध्ये 'अ‍ॅनाटॉमिकल व्हेरिएशन' असं लिहिलंय. मला काही आजार झालाय का?

नाही. व्हेरिएशन म्हणजे शरीराच्या ठेवणीतला फरक, आणि तो बहुतेक वेळा जन्मापासून सोबत असतो. तळहातावरच्या शिरा जशा दोघांच्या सारख्या नसतात, तशाच हाडातल्या नळ्या, छिद्रं आणि खळगेही सारखे नसतात. पुस्तकातलं चित्र नेहमीच्या ठेवणीचं असतं आणि तुमचा जबडा त्याहून थोडा वेगळा निघाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे दुखत नाही, ते सहसा वाढत नाही आणि त्यावर औषधही नसतं.

मग रिपोर्टमध्ये लिहायचं कशासाठी? कारण उद्या कुणी त्या हाडात ड्रिल घालणार असेल, अक्कलदाढ काढणार असेल किंवा भुलेचं इंजेक्शन देणार असेल, तर हा फरक त्याला आधी माहीत हवा. तुम्हाला रोजच्या जगण्यात ज्याचा पत्ताही लागत नाही, ते शस्त्रक्रियेच्या दिवशी फार महत्त्वाचं ठरू शकतं.

आधी दोनदा ओपीजी काढला होता. त्यात हे का दिसलं नाही?

ओपीजी म्हणजे वळणदार जबडा उलगडून एका सपाट फिल्मवर पसरवलेलं एक्स-रे चित्र. त्यात उंची आणि लांबी कळते, पण जाडी जाते. गालाकडची गोष्ट आणि जिभेकडची गोष्ट एकमेकींवर पडतात, समोरच्या भागात मणक्याची सावली येते आणि एक मिलिमीटरची बारीक नळी त्यात सहज हरवते. ओपीजी वाचणाऱ्याची चूक असतेच असं नाही. चित्रातच ती माहिती नसते.

सीबीसीटी म्हणजे तुमचा हा थ्रीडी स्कॅन. त्यात यंत्र डोक्याभोवती फिरतं, शेकडो कोनांतून प्रतिमा घेतं आणि संगणक त्यातून हाडाचा घन आकार उभा करतो. तो आकार बनवणारे बारीक घनकण साधारण ०.०७५ ते ०.४ मिलिमीटरचे असतात. तुकडे करावेत तसा तो जबडा आम्ही पडद्यावर हव्या त्या दिशेने कापून पाहतो. हे तंत्र दातांसाठी १९९०च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे तयार झालं. पहिला दातांचा एक्स-रे जर्मनीत ऑटो वाल्कहॉफ यांनी १८९६च्या जानेवारीत स्वतःच्याच तोंडाचा काढला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आपण जबडा सपाट चित्रातच पाहत होतो.

म्हणूनच 'दुर्मिळ' हा शब्द मी जपून वापरते. यातल्या काही गोष्टी खरोखर विरळ आहेत. पण काही केवळ दिसत नव्हत्या म्हणून विरळ मानल्या गेल्या.

'बायफिड मँडिब्युलर कॅनल' म्हणजे काय? माझी नस दुभंगली आहे का?

दुभंगली हा शब्द मनातून काढून टाका. काही तुटलेलं नाही.

खालच्या जबड्याच्या हाडात मागून पुढे जाणारी एक नळी असते. जबड्याची उभी फांदी जिथे आहे, तिच्या आतल्या बाजूच्या छिद्रातून नस आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, दाढांच्या मुळांखालून पुढे जातात आणि छोट्या दाढांच्या खाली मेंटल फोरामेन नावाच्या छिद्रातून खालचा ओठ आणि हनुवटीकडे बाहेर पडतात. बहुतेकांत ही नळी एकच असते. काहींत तिला फाटा फुटतो, त्याला बायफिड म्हणतात. तीन फाटेही असतात, पण ते अगदी क्वचित.

पडद्यावर हे कसं दिसतं ते सांगते. जबड्याचा आडवा काप पाहिला की बाहेर पांढरी जाड कड, आत जाळीदार हाड आणि तळाशी एक काळा गोल ठिपका दिसतो. त्या ठिपक्याभोवती बारीक पांढरं कडं असतं. ती नसेची नळी. माउसचं चाक फिरवत मी एकेक काप पुढे सरकते, ठिपका जागेवर असतो. मग एका कापात ते कडं लांबट होतं, वर्तुळाला कंबर यावी तसं मध्ये चिमटतं आणि पुढच्या दोन कापांत दोन वेगळे ठिपके झालेले असतात. एक पेन्सिलीतल्या शिशाहून जाड, दुसरा टाचणीच्या डोक्याएवढा. त्या लहान ठिपक्याचा पाठलाग करायचा. तो कुठे जातो यावर सगळं अवलंबून असतं.

कधी तो दाढेच्या मुळाशी जाऊन संपतो. कधी मुख्य नळीला समांतर पुढे जातो आणि पुन्हा तिला मिळतो. कधी अक्कलदाढेच्या मागे वर वळून हाडाच्या पृष्ठभागावर उघडतो, त्याला रेट्रोमोलर कॅनल म्हणतात. अक्कलदाढ काढताना किंवा त्या भागातून हाडाचा तुकडा घेताना हा फाटा कापला गेला, तर अनपेक्षित रक्तस्राव होऊ शकतो किंवा त्या बाजूच्या हिरडीला काही काळ बधिरपणा येऊ शकतो.

हा फाटा येतो कुठून? सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण गर्भावस्थेतलं आहे. सुरुवातीला पुढच्या दातांसाठी, दुधाच्या दाढांसाठी आणि कायमच्या दाढांसाठी वेगवेगळ्या नळ्या तयार होतात आणि पुढे त्या एकत्र येतात. हे मिलन अर्धवट राहिलं की फाटा उरतो.

आता आकड्यांकडे या. ओपीजीवर केलेल्या पाहण्यांत हे प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आढळायचं. सीबीसीटीच्या पाहण्यांत ते १० टक्क्यांपासून, एका जपानी पाहणीत तर ६५ टक्क्यांपर्यंत निघालं. एवढा फरक पडण्याचं एक कारण म्हणजे किती बारीक फाट्याला 'फाटा' म्हणायचं याचे निकष प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. उलटी फसगतही होते. जबड्याच्या आतल्या बाजूला मायलोहायॉइड नसेची खोबण असते. ओपीजीत तिची सावली दुसऱ्या नळीसारखी भासते आणि थ्रीडीत पाहिलं तर फाटा नसतोच.

भूल देऊनही मला दाढ काढताना दुखलं. डॉक्टर म्हणाले, 'मनातून घाबरताय.' याचा या फाट्याशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे. एक बाई स्कॅनसाठी आल्या होत्या. तीन वेळा इंजेक्शन देऊनही खालची दाढ बधिर झाली नाही, ओठ मात्र पूर्ण बधिर होता. 'ओठ बधिर आहे म्हणजे दाढही आहे' असं म्हणून त्यांना दामटलं गेलं आणि त्या स्वतःलाच भित्री समजायला लागल्या. स्कॅनमध्ये मुख्य नळीहून बरीच वर निघालेली बारीक नळी थेट त्या दाढेच्या मुळापर्यंत गेलेली दिसली. काप दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

भूल न चढण्याची कारणं अनेक आहेत. मुळाशी पू किंवा सूज असणं हे त्यातलं मोठं कारण. सुई नेमक्या जागी न पडणं हे दुसरं. फाटा हे त्यांपैकी एक, आणि स्कॅनवरून 'हेच कारण' असं शंभर टक्के सांगता येत नाही. पण फाटा नेहमीच्या इंजेक्शनच्या जागेच्या वर सुटत असेल, तर औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही हे सरळ आहे. अशा वेळी आणखी वर, नस फाटे फुटायच्या आधीच बधिर करणारी पद्धत वापरता येते. ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य जॉर्ज गो-गेट्स यांनी १९७३मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठीच ओळखली जाते. दाढेच्या भोवती थेट जास्तीचं इंजेक्शन देणं हाही उपाय आहे.

रुग्ण दुखतंय म्हणतो तेव्हा त्याला दुखत असतं. स्कॅन असो वा नसो.

हनुवटीच्या बाजूला एकाऐवजी दोन छिद्रं आहेत म्हणतात. काही काळजी?

काहींत मेंटल फोरामेनजवळ आणखी एक लहान छिद्र असतं, त्याला अ‍ॅक्सेसरी मेंटल फोरामेन म्हणतात. त्यातूनही नसेची बारीक फांदी बाहेर पडते. त्या भागात इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू), हिरडीची शस्त्रक्रिया किंवा मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला सांगा. एरवी काही नाही.

'अँटिरिअर लूप' असा शब्द आहे. तो काय प्रकार?

काही जणांत नस छिद्रातून बाहेर पडायच्या आधी थोडी पुढे जाते आणि मग मागे-वर वळसा घेऊन छिद्राशी येते. म्हणजे बाहेर पडण्याची जागा दिसते तिथे, पण नस तिच्याही पुढे गेलेली असते. हा वळसा काहींत नसतोच, काहींत एक-दोन मिलिमीटरचा असतो, क्वचित त्याहून बराच मोठा. छिद्राच्या पुढे इम्प्लांट बसवायचा असेल तर 'छिद्रापासून अमुक अंतर सोडलं की झालं' हा ठोकताळा इथे दगा देतो. तुमच्या जबड्यातला वळसा मोजून घ्यावा लागतो. इम्प्लांट आणि नळी यांच्यात किमान २ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा सर्वमान्य संकेत आहे, आणि ते अंतर या वळशापासून धरायचं.

समोरच्या हाडात जिभेच्या बाजूने 'लिंग्वल फोरामेन' आहेत असं लिहिलंय. त्यावर लाल खूण केली आहे. का?

कारण ही जागा निरुपद्रवी दिसते आणि नसते.

हनुवटीच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर एखादं बारीक छिद्र जवळजवळ प्रत्येकात असतं. त्यातून जिभेखालच्या किंवा हनुवटीखालच्या धमनीची फांदी हाडात शिरते. वेगळेपणा असतो तो छिद्रांच्या संख्येत, जागेत आणि रुंदीत. काहींत मध्याच्या बाजूलाही छिद्रं असतात, काहींत नळी एक मिलिमीटरपेक्षा रुंद असते. रुंद नळी म्हणजे आत दखल घ्यावी अशी धमनी.

जबड्याचा पुढचा भाग इम्प्लांटसाठी सोपा समजला जातो, कारण मोठी नस तिथवर येत नाही. पण ड्रिल जिभेकडच्या भिंतीतून बाहेर गेलं आणि तिथली धमनी फाटली, तर रक्त तोंडाच्या तळाच्या मऊ भागात साचतं. बाहेर फारसं रक्त दिसत नाही. जीभ मात्र वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडू लागते. जीव धोक्यात आल्याच्या अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. सूज लगेच येते असंही नाही, काही तासांनी येऊ शकते.

म्हणून खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवून घरी आल्यावर जिभेखाली फुगल्यासारखं वाटलं, आवाज जाड झाला, गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. ही ओळ मी प्रत्येकाला सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगेन.

याच कारणासाठी खालच्या दाढांच्या आतल्या बाजूचा खळगाही मी मोजते. लाळेची ग्रंथी जिथे टेकते तिथे हाड आत दबलेलं असतं. काहींत तो खळगा इतका खोल असतो की वरून रुंद वाटणारं हाड खाली अरुंद निघतं.

जबड्याच्या कोपऱ्यात काळी पोकळी दिसली. गाठ आहे का? बायोप्सी करावी लागेल?

पोकळी नसेच्या नळीच्या खाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याजवळ, स्पष्ट कडेची आणि लंबगोल असेल तर ती बहुधा 'स्टाफ्ने' खळगा असते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे एडवर्ड स्टाफ्ने यांनी १९४२मध्ये अशा ३५ रुग्णांची नोंद केली, तेव्हापासून हे नाव आहे. ओपीजीत ती बंद पोकळीसारखी, सिस्टसारखी म्हणजे द्रव भरलेल्या गाठीसारखी दिसते. थ्रीडीत काप पाहिला की कळतं, ती बंद नाहीच. हाडाला जिभेच्या बाजूने पडलेला खड्डा आहे, आणि त्यात बहुधा शेजारच्या लाळग्रंथीचा भाग किंवा चरबी असते. ही ठेवण पुरुषांत आणि मध्यमवयात जास्त सापडते.

इथे थ्रीडी स्कॅन शस्त्रक्रिया वाचवतो. खड्डा उघडा आहे हे दिसलं की साधारणपणे कापाकापी करायची गरज नसते. काही काळाने पुन्हा चित्र काढून आकार तोच आहे ना, एवढं पाहतात. जागा नेहमीची नसेल, म्हणजे पोकळी पुढच्या भागात किंवा नळीच्या वर असेल, तर मात्र गृहीत धरू नये. तिथे एमआरआय किंवा आणखी तपासणी सांगितली तर ती करून घ्या.

वरच्या पुढच्या दातामागे 'कॅनॅलिस सिनुओसस' आहे म्हणतात. रूट कॅनल करायला सांगितलं होतं, ते करायचं का?

आधी दात जिवंत आहे का ते तपासून घ्या.

डोळ्याखालून निघणारी एक बारीक नस वरच्या पुढच्या दातांना येते. ती हाडातून नागमोडी वाटेने जाते, म्हणून तिच्या नळीला हे नाव. फ्रेडरिक वुड जोन्स यांनी १९३९मध्ये तिचं नीट वर्णन केलं. काहींत या नळीची एखादी फांदी पुढच्या दातांच्या मागे टाळूवर उघडते. साध्या एक्स-रेत ती मुळाच्या टोकावर पडली की काळा डाग दिसतो आणि मुळाशी जंतुसंसर्ग असल्याचा भास होतो. थंड लावून किंवा विजेच्या सौम्य चाचणीने दात जिवंत निघाला, तर डाग मुळाचा नसण्याची शक्यता मोठी. निरोगी दाताचं रूट कॅनल झालेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते परत घेता येत नाही.

इम्प्लांटच्या बाबतीतही हीच नळी त्रास देते. तिच्यात इम्प्लांट गेला तर 'सगळं नीट दिसतंय, पण दुखणं थांबत नाही' अशी तक्रार राहू शकते.

वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागची नळी मोठी आहे म्हणे?

ती नळी सगळ्यांनाच असते. कुणाची एकेरी, कुणाची वर दोन तोंडांची, कुणाची बरीच रुंद. तिचं तोंड ६ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर तिथे सिस्ट तर नाही ना, हे पाहायला हवं. कडा फुगीर आहेत का, दात सरकलेत का यावरून ठरतं.

सायनसमध्ये 'सेप्टा' आहेत. सायनसचा आजार?

नाही. वरच्या दाढांच्या वर हवेची पोकळी असते, तिच्यात कधी हाडाचे पडदे उभे असतात. आर्थर अंडरवुड यांनी १९१०मध्ये त्यांचं वर्णन केलं. साधारण चारांपैकी एका सायनसमध्ये ते सापडतात, त्यामुळे त्यांना दुर्मिळ म्हणणं मला पटत नाही. सायनस लिफ्ट म्हणजे इम्प्लांटसाठी तिथलं हाड वाढवायची शस्त्रक्रिया. ती करताना आतलं पातळ अस्तर उचलावं लागतं, आणि पडद्याशी ते फाटायची भीती असते. बाजूच्या भिंतीतून जाणारी धमनीही त्याच वेळी पाहून ठेवावी.

जबड्याच्या सांध्याला दोन डोकी आहेत, असं लिहिलंय!

बायफिड कॉन्डाइल. हे मात्र खरोखर विरळ. अलेश हर्डलिच्का यांनी १९४१मध्ये जुन्या कवट्यांमध्ये हे वर्णिलं. बहुतेकांना काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये ते सापडतं. लहानपणी हनुवटीवर जोरात पडल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण काहींत इजेनंतरही असा आकार येतो. तोंड उघडायला अडचण नसेल तर उपचार नको.

हाडात पांढरा ठिपका आहे.

घट्ट हाडाचं बेट. दात जिवंत असेल आणि ठिपक्याभोवती काळी रेघ नसेल तर बहुधा सोडून द्यायचं. दातांना तारा लावायच्या असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, त्या जागेतून दात हळू सरकू शकतो.

स्कॅनमध्ये नस प्रत्यक्ष दिसते का? स्कॅन चुकू शकतो का?

नस दिसत नाही. दिसते ती तिची हाडातली नळी. मऊ ऊती सीबीसीटीत नीट उमटत नाहीत. काहींत नळीची पांढरी कडही पुसट असते आणि ती ओळखायला अंदाज लावावा लागतो. धातूच्या कॅप किंवा जुने इम्प्लांट असतील तर शेजारी पांढऱ्या-काळ्या रेघा ओढल्यासारख्या पडतात, आणि त्यात खरी बारीक नळी झाकली जाते किंवा खोटी भासते. स्कॅन चालू असताना मान हलली तर कडा दुहेरी दिसतात. अशा जागी मी 'नीट सांगता येत नाही' असं स्पष्ट लिहिते. असं वाक्य रिपोर्टमध्ये असेल तर तो निष्काळजीपणा समजू नका.

किरणांची भीती वाटते. पुन्हा स्कॅन करावा का?

केवळ व्हेरिएशन सापडलं म्हणून पुन्हा स्कॅन नको. स्टाफ्ने खळग्यासारख्या जागी लक्ष ठेवायला सांगितलं असेल तर ते वेगळं. एरवी ते सहसा बदलत नाही.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगते. निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट किरणं मिळतात. दिवसाला साधारण साडेसहा. ओपीजीत ढोबळमानाने १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट जातात. सीबीसीटीत एका-दोन दातांपुरता छोटा भाग घेतला तर काही दहांच्या घरात, पूर्ण चेहरा घेतला तर काही शेकड्यांपर्यंत मायक्रोसिव्हर्ट. म्हणून हवा तेवढाच भाग स्कॅन करणं महत्त्वाचं. मुलांच्या बाबतीत आणखी काटेकोर राहावं. गर्भवती असाल तर आधी सांगा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना काय विचारू?

रिपोर्टमधलं ते वाक्य बोट ठेवून दाखवा आणि विचारा, "हे तुम्ही पाहिलंय ना? यामुळे तुमच्या योजनेत काही बदल होतो का?" चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. तो स्कॅन उघडून तुम्हाला जागा दाखवील, कदाचित इम्प्लांट आखूड घेईल किंवा थोडा तिरका ठेवील. आणि तुम्ही स्वतः एक नोंद ठेवा: खालच्या जबड्यात, उजवीकडे की डावीकडे, काय आहे. दहा वर्षांनी दुसऱ्याच डॉक्टरच्या खुर्चीत भूल चढेना झाली, तर ही एक ओळ कामाला येईल.

स्कॅनचे प्रिंट पुरेसे आहेत का? सीडी कशाला जपायची?

प्रिंटवर मी निवडलेले मोजके काप असतात. तुमच्या पुढच्या डॉक्टरला हवा असलेला काप त्यांत असेलच असं नाही. मूळ फाइल डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांसाठीचं प्रमाणित फाइल स्वरूप) स्वरूपात मागून घ्या. सीडीवर ओरखडे पडतात आणि आजकाल बऱ्याच संगणकांना सीडी घालायची जागाच नसते, म्हणून ती पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन साठवून ठेवा. फाइलच्या नावात तारीख आणि 'खालचा जबडा' की 'वरचा जबडा' हे लिहा.